घरच्या पोरीची परीक्षा

जानेवारी लागला की आमच्या घरात दोनच गोष्टींची चौकशी चालू होते. हुरडा कुणाच्या शेतात आलाय, आणि नळ कुणाकडं कधी येतोय. पहिलीचं कारण सांगायला नको. दुसरीचं कारण असं, की आमच्या कराटेच्या क्लासची बेल्टची परीक्षा पंचांग बघून ठरत नाही, नळ बघून ठरते. परीक्षेला ड्रेस पांढराशुभ्र हवा, आणि तो तसा करायला पाणी हवं. ज्यांच्या गच्चीवर मोठी टाकी आहे त्यांचं ठीक. पण ज्यांच्या घरी आठवड्याचं पाणी दोन ड्रमांत मावतं, तिथली आई आधी पिण्याचं बघणार, मग पोराच्या ड्रेसचं. म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, क्लास काढला तेव्हाच ठरवून टाकलं होतं: ज्याच्या घरी सगळ्यात उशिरा पाणी येतं, त्याच्या नळाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. ते त्यासाठी दारोदार विचारत फिरायचे. मी व्हॉट्सअॅपवर विचारते. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, नळाचा स्वभाव काही बदलला नाही.

यंदाही विचारणा झाली, वार ठरला, यादी केली. त्या यादीत सातवं नाव ईश्वरीचं, माझ्या मुलीचं. वय अकरा, हिरव्या बेल्टची परीक्षा. आतापर्यंतचे तिचे छोटे बेल्ट अण्णांनीच बघितले होते. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि दिवाळीनंतर एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "ज्योते, आता परीक्षा तूच घेत जा. मला खाली वाकून पोरांचे पाय बघता येत नाय." क्लास मी गेली बरीच वर्षं चालवते, पण परीक्षक ते. आता ती खुर्चीही माझ्याकडं आली, आणि पहिल्याच वर्षी पुढ्यात माझी मुलगी.

यादी केल्यापासून माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला. ईश्वरीनं ठोसा मारला की मला तिचं मनगट वाकडं दिसतं. शेजारच्या पोराचं तेवढंच वाकडं असतं, ते दिसत नाही. कधी उलट होतं. तिची लाथ छान उंच जाते, मला आतून बरं वाटतं, आणि लगेच वाटतं, ही लाथ खरंच छान आहे की माझी आहे म्हणून छान आहे? हे दळण दिवसभर. त्यात पोरांना सोडायला आलेल्या बायका बाकावर बसलेल्या असतात. त्यातली एकजण परवा हसून म्हणाली, "ईश्वरीला कशाचं टेन्शन? घरातच मॅडम!" तिच्या मनात काही नव्हतं. मीही हसले. पण घरी येऊन भाकरी थापताना तेच वाक्य परातीत पडलं होतं. मला भीती वाटत होती, हे सरळच लिहिलेलं बरं. मुलगी नापास होईल याची भीती नव्हती. माझ्याकडून तिला न्याय मिळणार नाही, याची होती.

कारण असा एक जानेवारी मी पाहिलेला आहे, आणि त्यात उभी होते मीच.

तेव्हा आम्ही बजाजनगरात राहायचो. अण्णा फुलंब्रीकडच्या खेड्यातून वाळूजच्या एका कंपनीत कामाला लागलेले. तिथं त्यांच्या पाळीत एक केरळी माणूस होता, त्याच्याकडून ते कराटे शिकले. आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. "शेत सोडून मारामारी शिकायला गेलास व्हय रे?" पण अण्णांनी सोडलं नाही. पाच वर्षं शिकले, काळा बेल्ट मिळवला आणि आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर कामगारांच्या पोरांना गोळा करून क्लास सुरू केला. सकाळी सहाला. थंडीत जमीन इतकी गार असायची की अनवाणी तळवा टेकला की तो कुणाचा आहे ते कळायचं नाही. हवेत कंपन्यांकडून येणारा तेलकट, रबरी वास. कुठल्या तरी गेटावर भोंगा वाजायचा आणि रात्रपाळीचे बाप घरी जाता जाता सायकल टेकवून पोरांचा सराव बघत उभे राहायचे. लहान पोरांसाठी अण्णा घरातली सतरंजी आणून अंथरायचे. आई म्हणायची, "पाहुणे आले की मी काय तुमच्या पोरांवर बसवू?"

अण्णांचं शिकवणं थांबण्यावर होतं. कुमिते म्हणजे दोघांनी समोरासमोर लढायचं, त्यात ठोसा पूर्ण ताकदीनं सोडायचा आणि समोरच्याच्या कातडीच्या बोटभर आधी थांबवायचा. नाकावर माशी बसली असेल तर ती उडाली पाहिजे, मेली नाही पाहिजे, असं ते सांगायचे. आणि एक नियम त्यांनी स्वतः काढला होता. आमची रांग बेल्टप्रमाणं लागते, मोठे पुढं, पांढरे शेवटी. ज्याच्या हातून जोडीदाराला लागेल, त्यानं आठवडाभर रांगेच्या शेवटी उभं राहायचं, बेल्ट कुठलाही असो. पोरांना ती शिक्षा वाटायची. अण्णा म्हणायचे, "शिक्षा नाय. शेवटी उभं राहिलं की सगळ्यांच्या पाठी दिसतात. कुणाला कुठं दुखायलंय, ते तिथूनच कळतं."

क्लासमध्ये मी त्यांना सर म्हणायचं, घरी अण्णा. उंबरा ओलांडला की माणूस बदलायचा. दुसऱ्यांच्या पोरांचा पाय चुकला तर सर खाली बसून तो पाय हातानं सरळ करायचे, वर विचारायचे, "खाऊन आलास ना रे?" माझा पाय चुकला तर नुसतं बघायचे. ते बघणं असं होतं, की हातानं सरळ केला असता तर बरं, असं वाटायचं. आई सुनवायची, "लोकांच्या लेकरांना माया आन् आपल्या लेकराला डोळे!" ते म्हणायचे, "घरच्या पोरीला सूट दिली तर लोकं काय म्हणतील?" मला त्याचा राग येत नसे तेव्हा. उलट थोडी ऐटच होती. खाण तशी माती, सरांची पोरगी सरांसारखीच, असं कुणी म्हटलं की माझी मान एक इंच वर जायची.

सोळाव्या वर्षीच्या त्या थंडीत माझी जोडीदार होती नसरीन. तिचे अब्बा शिंपी. आमच्या सगळ्या क्लासचे ड्रेस तेच शिवायचे, जाड मांजरपाटाचे, पोरगं वाढणार म्हणून बाही आत दोन बोटं दुमडून. नसरीन माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा चपळ आणि माझ्यापेक्षा दुप्पट बडबडी. आमच्या दोघींचा जांभळा बेल्ट होता, तपकिरी मिळवायचा होता. महिनाभर आम्ही पहाटे पाचलाच प्लॉटवर यायचो. धुक्यात समोरचीचा चेहरा दिसायचा नाही, नुसती वाफ दिसायची. सराव संपला की तिच्या डब्यातली खिचडी आणि माझ्या डब्यातली तिळाची चटणी एकत्र. त्या चटणीसकट ती थंडी अजून माझ्या जिभेवर आहे. पायाखालचा गारठा, ओल्या ड्रेसला येणारा निळीचा आणि घामाचा वास, हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्या विकत फिरणारी बाई. अशा गोष्टी लक्षात राहायला काही कारण लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी मधे अंथरलेल्या त्याच सतरंजीभोवती आईबाप जमले होते. आमचं कुमिते सुरू झालं. मी ठोसा सोडला आणि तो थांबवला. मला आजही खात्री आहे, बोटभर आधी थांबवला. त्याच क्षणी नसरीनची टाच सतरंजीच्या घडीत अडकली, तिच्या मानेला हिसका बसला आणि तिचेच दात तिच्या ओठात रुतले. पांढऱ्या ड्रेसवर लाल थेंब पडले. अण्णा माझ्या पाठीमागं उभे होते. त्यांना दिसलं ते इतकंच, की माझा हात गेला आणि नसरीनला रक्त आलं.

"सर, इसका हात लगाच नहीं," नसरीन ओठ दाबून म्हणाली. "माझेच दात लागले."

गर्दीतून कुणाचा तरी बाप मजेत बोलला, "सरांची पोरगी हाय. आता बघा काय निकाल लागतोय ते."

अण्णांनी ते ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, मला दिसलं त्यांनी ते ऐकलेलं. नसरीनचं बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. निकाल वाचला तेव्हा नसरीन पास आणि मी नापास, वर आठवडाभर रांगेच्या शेवटी. लोकांनी माना डोलावल्या. एकजण म्हणालासुद्धा, माणूस असावा तर असा, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही.

परीक्षेनंतर गावाकडून आलेला हुरडा सगळ्यांनी पोत्यावर बसून खायचा, ही आमची रीत. मी घरात जाऊन कडी लावली. बाहेर हुरडा भाजल्याचा खरपूस वास आणि पोरांचं हसणं. आईनं दारातूनच अण्णांना ऐकवलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही." एका घरात, एका ताटाळ्यातली ताटं घेऊन आम्ही बापलेक आठ दिवस मुके राहिलो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मला त्यांच्याकडूनच आलेला. क्लासला मी गेले नाही. पुन्हा कधीच जायचं नाही, असं माझं ठरलं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, नसरीननं सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली ती जुना जांभळा बेल्ट बांधून. अण्णांनी विचारलं, "तपकिरी कामून नाय बांधला?" ती म्हणाली, "सर, ठोसा मला लागला का नाय, हे मलाच माहीत ना? मार माझ्या तोंडाला, आन् मलाच कुणी विचारलं नाय. ज्योती बांधंल तवा मी बांधीन." सोळा वर्षांची पोर, सगळ्या रांगेसमोर. अण्णा नुसतं म्हणाले, "सराव चालू करा."

आठ दिवसांनी, नळाच्या दिवशी सकाळी, नसरीन आमच्या दारात धापा टाकत आली. "चल, लवकर चल, सर देख क्या कर रहे!" आई ड्रम भरत होती, तीही हातातला पाइप टाकून निघाली. प्लॉटवर रांग लागलेली होती आणि रांगेच्या शेवटी, सात वर्षांच्या एका पांढऱ्या बेल्टवालीच्या मागं, अण्णा उभे होते. कमरेला बेल्ट नाही. ती पोर वळून वळून बघत होती. "सर, तुमची जागा पुढं हाय," ती म्हणाली. "या आठवड्यात नाय," अण्णा म्हणाले. "तू समोर बघ."

मी दिसले तसे ते मोठ्यानं सगळ्यांना म्हणाले, "त्या दिवशी माझ्या हातून एका पोरीला लागलं. म्हणून मी शेवटी. नियम सगळ्यांना एकच हाय."

मग रांगेत सगळ्यात मोठी उरली नसरीन, तर क्लास तिनं घ्यायचा. पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटेना. तिसऱ्या दिवशी ती शेवटपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "सर, गुडघा वाकवा अजून." त्यांनी वाकवला. रात्रपाळीचे बाप सायकली टेकवून बघत उभे राहायचे. त्यांच्यातला तो मजेत बोललेला बाप दोन दिवस आला, मग यायचा बंद झाला. मला रडू आलं, पण रागाचं नव्हतं ते. चौथ्या दिवशी मीही जाऊन शेवटी उभी राहिले, अण्णांच्या शेजारी. खरंच तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.

निकाल मात्र त्यांनी आपल्या तोंडानं फिरवला नाही. जालन्याच्या एका कराटेच्या मास्तरांना बोलावलं, माझी परीक्षा नव्यानं घ्यायला लावली आणि स्वतः घरात पेपर वाचत बसले. मी पास झाले. नसरीनच्या अब्बांनी दोन तपकिरी बेल्ट एकाच कापडातून शिवून दिले. आम्ही दोघींनी ते एकमेकींच्या कमरेला बांधले, आणि इतका घट्ट बांधला तिनं माझा, की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या जानेवारीचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे वडील प्रामाणिक होते यात शंका नाही. पण त्या सकाळी ते लोकांना घाबरले, आणि त्या घाबरण्यालाच ते प्रामाणिकपणा समजले. आपल्या माणसाला झुकतं माप देणं ही चूक सगळ्यांना दिसते. आपलं आहे म्हणून उणं माप देणं ही चूक कुणालाच दिसत नाही, वर टाळ्या मिळतात. ही दुसरी चूक आमच्यासारख्या घरांत फार होते. मास्तरांच्या पोरांना विचारा. तरी अण्णांनी मला दिलेलं सगळ्यात मोठं काय असेल, तर रांगेच्या शेवटचे ते सात दिवस. कराटे मी त्यांच्याकडून शिकले, आणि क्लास पुढं चालवावा असं मला त्या आठवड्यात वाटलं.

वाटलं खरं, पण वेळ आली तशी माझीही गाळण उडाली. परीक्षेच्या चार दिवस आधी मी नसरीनला फोन केला. ती आता मुकुंदवाडीत मुलींचा क्लास घेते. म्हटलं, "ईश्वरीचं तू बघायला ये. मी बाजूला होते."

"कायकू?" ती म्हणाली.

"अण्णांनी नाही का जालन्याच्या मास्तरांना बोलावलं होतं?"

"सरांनी चूक केल्यावर बोलावलं. तू चूक करायच्या आधीच माफी मागायलीस व्हय?" फोनमध्ये मागं तिच्या पोरींचा आरडाओरडा चालू होता. "मी आले तर लोकं म्हणतील लई बरोबर केलं. आन् पोरगी म्हणंल, सगळ्यांना मम्मीनं बघितलं, मलाच नाय बघितलं. नक्को. तूच बघ." आणि तिनं फोन ठेवला. बडबड्या माणसानं थोडक्यात बोलावं आणि ते नेमकं असावं, याचा फार राग येतो.

परीक्षा झाली. पुंडलिकनगरातल्या आमच्या हॉलची फरशी बजाजनगरच्या मातीइतकीच गार. सगळ्यांचे ड्रेस पांढरे, काहींचे अजून दमट. अण्णा स्वेटर, मफलर, पायात मोजे अशा बंदोबस्तात माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. एकेक पोरगं पुढं येत होतं, काता करत होतं. काता म्हणजे ठरलेल्या चालींचा क्रम, समोर शत्रू नसताना एकट्यानं करायचा. मधेच विसरलं तर एकदा पहिल्यापासून करायची मुभा आमच्याकडं सगळ्यांना असते. त्या सकाळी दोघांनी ती घेतलीही होती, आणि मी दोघांनाही पाणी पिऊन या म्हणाले होते.

ईश्वरी आली. वाकून नमस्कार केला. सुरुवात सुंदर झाली, आणि अकराव्या चालीला ती उजवीकडं वळायच्या ऐवजी डावीकडं वळली. थांबली. महिनाभर घरात, स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या पायात येत येत तिनं हा काता केला होता, एकदाही न चुकता. बाकावरच्या बायका पुढं सरकल्या.

"मॅडम, परत करू?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडाशी 'नाही' आलं. खोटं कशाला सांगू, अगदी ओठांवर आलं. नाही म्हटलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. उलट म्हणाले असते, बघा, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. आणि हो म्हणायलाही जीभ वळेना, कारण ते ऐकायला किती कान टवकारलेले आहेत ते मला कळत होतं. मान वळवून मी अण्णांकडं पाहिलं.

अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. ते हॉलच्या मधोमध उभ्या असलेल्या ईश्वरीकडं बघत होते. तसंच बघत, मान न वळवता, हळूच म्हणाले, "माझ्याकडं काय बघायलीस? पोरीकडं बघ."

मी पाहिलं. अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. चुकली होती आणि ते तिला कळलं होतं. तरी पायांतलं अंतर बरोबर होतं, मुठी कमरेला होत्या आणि ती पळत नव्हती. आधीच्या दोघांनी विचारलं होतं तसंच तिनं विचारलं होतं. तेवढंच होतं ते.

"पाणी पिऊन ये," मी म्हटलं. "मग पहिल्यापासून कर."

ती पाणी पिऊन आली, वाकली आणि तिनं काता सुरू केला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मी ती लाथ कुणाची आहे याचा विचार न करता ती कुठं पोचते ते बघितलं.